दोष दरवेळी घोडीचा नसतो

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा पाहणारा माणूस घाई करत नाही. दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या त्या बाजारात आधी जबडा उघडून दात बघितले जातात, मग चाल, मग पाय, मग अंगावरचे भोवरे. देवमण आहे का, पंचकल्याणी आहे का, यावर जाणती माणसं तासभर बोलतात. देखणा अंडील घोडा असला की "पैदाशीला चांगला" हे शब्द हमखास येतात आणि किंमत चढते. त्याच्या वीर्यातले किती शुक्राणू सरळ पोहतात, त्याच्या शिश्नाच्या घडीत कोणते जिवाणू दडलेत, हे मात्र कुणी विचारत नाही. मग घोडी भरवायला नेली जाते. तीन आठवड्यांनी ती पुन्हा माजावर येते, पुन्हा नेली जाते. असं करता करता हंगाम सरतो आणि निकाल लागतो: घोडी वांझ आहे.

घोडा न तपासताच लागलेल्या या निकालाचा मला राग येतो. घोडी अकरा महिने गाभण राहते. एक हंगाम हुकला म्हणजे अख्खं वर्ष गेलं, आणि दोन हंगाम हुकले की ती घोडी विकायला निघते. उलट एक घोडा एका हंगामात डझनावारी घोड्यांना लागतो. त्याच्यातला दोष तितक्याच घरांत विखुरला जातो. प्रत्येक मालकाला आपली एकच घोडी दिसते, तो तिलाच बोल लावतो. सगळ्या मालकांनी एकत्र बसून हिशेब मांडला तरच बोट घोड्याकडे जाईल, आणि तसा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. पैदाशीच्या घोड्याबद्दलचे गैरसमज इतके टिकून आहेत ते यामुळेच.

"शर्यती जिंकलेला घोडा, त्याचं काय तपासायचं?"

सिगार हा अमेरिकी घोडा १९९४ ते १९९६ या काळात सलग १६ शर्यती जिंकला. १९९५ आणि १९९६ अशी दोन्ही वर्षं तो तिथला सर्वोत्तम घोडा ठरला. दुबई वर्ल्ड कपची पहिली शर्यतही त्याचीच. १९९७मध्ये त्याला केंटकीतल्या ॲशफर्ड स्टडवर पैदाशीसाठी ठेवलं. ३४ घोड्या त्याला लावल्या आणि त्यांतली एकही गाभण राहिली नाही. त्याचा अडीच कोटी डॉलरचा विमा होता, ती रक्कम विमा कंपनीला द्यावी लागली. २०१४मध्ये तो मेला तेव्हा त्याच्या मागे एकही शिंगरू नव्हतं.

फुप्फुसं, हृदय, स्नायू आणि पायांची हाडं यांवर शर्यत जिंकली जाते. शुक्राणू तयार होतात वृषणांत. एकाची ताकद दुसऱ्याची हमी देत नाही. म्हणून तपासणीत पशुवैद्य वृषण हातांनी चाचपतात, दोन्ही खाली उतरलेत का, मऊ पडलेत का, गाठ आहे का, ते पाहतात, आणि अंडकोषाची रुंदी मोजतात. ती किमान ८ सेंटिमीटर असावी असा निकष आहे. ज्याचा एकच वृषण उतरला आहे असा घोडा घोडी गाभण ठेवू शकतो, पण हा दोष घराण्यात उतरण्याची शक्यता असते. म्हणून त्याला पैदाशीला न वापरणंच योग्य.

त्यानंतर वीर्य. उबदार पाणी भरलेल्या कृत्रिम योनीत ते गोळा करतात, चिकट जेल गाळून बाजूला काढतात आणि उरलेलं ऊन, थंडी व पाणी यांपासून जपत लगेच सूक्ष्मदर्शकाखाली नेतात. घोड्याला आधी आठवडाभर विश्रांती दिलेली असते. नमुने दोन घेतात, साधारण तासाभराच्या अंतराने. दुसऱ्या नमुन्यात शुक्राणूंची संख्या पहिल्याच्या जवळपास निम्मी येते, आणि घोड्याच्या रोजच्या क्षमतेचा अंदाज त्यावरून बांधता येतो. अमेरिकेत रुळलेल्या निकषानुसार या दुसऱ्या नमुन्यात निर्दोष बांध्याचे आणि सरळ पुढे पोहणारे किमान १०० कोटी शुक्राणू हवेत. तेवढे असले, तर नैसर्गिक पद्धतीने ४० घोड्या दिल्यास त्यांतल्या तीन चतुर्थांश तरी गाभण राहतील, अशी अपेक्षा धरता येते. "पास" या शेऱ्याचा अर्थ एवढाच. आकडा कमी आला म्हणजे घोडा निकामी झाला, असं नाही. त्याला कमी घोड्या द्यायच्या, नेमक्या वेळी द्यायच्या.

"घोडीवर जोरात येतो, म्हणजे भरवणारच"

कामेच्छा वेगळी आणि प्रजननक्षमता वेगळी. वीर्यात एकही जिवंत शुक्राणू नसलेला घोडा तितक्याच आवेशाने घोडीवर चढतो, शेपूट हलवत वीर्य सोडतो, आणि पाहणाऱ्याला काही कळत नाही.

या गैरसमजातून होणारं एक नुकसान तर आपण हाताने ओढवून घेतो. घोडा थंड वाटला की कुणीतरी टेस्टोस्टेरॉनचं "ताकदीचं" इंजेक्शन सुचवतो. प्रदर्शनासाठी अंग भरावं म्हणून स्टेरॉइडही दिली जातात. बाहेरून संप्रेरक मिळालं की वृषणांना काम करायला लावणारा मेंदूचा संदेश मंदावतो. वृषण लहान होतात, शुक्राणू घटतात. घोडा दिसायला आणखी मर्दानी होतो आणि पैदाशीतून उतरत जातो. घोडा विकत घेताना हे इंजेक्शन कधी दिलं होतं का, हा प्रश्न देवमणाच्याही आधी विचारायला हवा.

"मागच्या वर्षी याची शिंगरं झाली, आता पुन्हा कशाला?"

घोड्याच्या वृषणात एक शुक्राणू घडायला सुमारे ५७ दिवस लागतात. पुढे पक्व होऊन बाहेर पडायला आणखी आठवडाभर. मकरसंक्रांतीला घोड्याला चार दिवस जोराचा ताप आला, तर त्याचा परिणाम वीर्यात होळीच्या सुमाराला दिसू शकतो. तेव्हा घोडा ठणठणीत असतो, खात असतो, खिंकाळत असतो, आणि ताप कुणाच्याही लक्षात नसतो. वृषणाला लागलेली लाथ, पत्र्याच्या तापलेल्या शेडमधला मुक्काम, वाढतं वय यांचंही असंच. मागच्या वर्षीची शिंगरं मागच्या वर्षीच्या वीर्याबद्दल सांगतात.

"रोग असता तर दिसला असता"

सगळ्यात महागात पडलेला गैरसमज हाच. १९७७च्या हंगामात इंग्लंडमधल्या न्यूमार्केटला घोड्या भरवल्यानंतर दोन-चार दिवसांत पांढरट-करड्या स्रावाने भरू लागल्या. त्या गाभण राहीनात, वेळेआधीच पुन्हा माजावर येत. ज्या अंडील घोड्यांकडून हे पसरत होतं त्यांना ना ताप होता, ना सूज, ना जखम. कारण ठरलेला जिवाणू तोवर कुणी पाहिलेला नव्हता. पुढे त्याला टेलोरेला इक्विजेनिटालिस असं नाव मिळालं आणि रोगाला सांसर्गिक गर्भाशयदाह, म्हणजेच सीईएम. १९७८मध्ये फ्रान्सहून आणलेल्या अंडील घोड्यांमार्फत तो केंटकीत पोहोचला. ब्रिटनमध्ये मात्र त्याच हंगामासाठी आचारसंहिता तयार झाली: घोडी लावण्याआधी घोड्याचे आणि घोडीचे दोघांचेही नमुने तपासायचे. तिथला घोडेपालक आजही ती पाळतो.

हा जिवाणू घोड्याच्या रक्तात शिरत नाही, शिश्नाच्या कातडीवरच्या मळात राहतो. घोड्याला त्याचा काहीच त्रास नसल्याने शरीर त्याच्याशी लढतही नाही, म्हणून घोड्याच्या रक्ततपासणीत तो सापडत नाही. नमुना जागेवरूनच घ्यावा लागतो: मूत्रनलिकेतून, तिच्या तोंडाभोवतीच्या खोबणीतून आणि शिश्नावरच्या कातडीच्या घड्यांतून. या खोबणीत वाटाण्याएवढा घट्ट मळ साठतो, आणि घाईने कापूस फिरवणाऱ्याकडून नेमकी तीच जागा सुटते. प्रत्येक घोड्यासाठी हातमोजे नवे. कापूस कोळसा मिसळलेल्या जेलमध्ये बुडवून, थंड ठेवून ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवायचा, कारण हा जिवाणू नाजूक आहे. त्याला वाढायला विशिष्ट हवा लागते आणि आठवडाभर वेळ लागतो. ब्रिटनच्या संहितेत किमान सात दिवसांच्या अंतराने दोनदा नमुने घ्यायला सांगितलं आहे ते एखादा नमुना चुकू शकतो म्हणूनच.

अमेरिकेने तर बाहेरून येणाऱ्या घोड्यासाठी आणखी कडक अट ठेवली. नमुने स्वच्छ आले तरी त्याला दोन चाचणी घोड्या लावायच्या आणि मग त्या घोड्या तपासायच्या. २००२ची केंटकी डर्बी जिंकलेला वॉर एम्ब्लेम पैदाशीसाठी जपानला गेला होता. तिथे त्याने फार थोड्या घोड्यांना जवळ केलं, पण त्या थोड्यांमधूनही चांगली धावणारी शिंगरं निघाली. इच्छा आणि क्षमता वेगळ्या, याचं हे दुसऱ्या बाजूचं उदाहरण. २०१५मध्ये निवृत्त होऊन तो अमेरिकेत परतला तेव्हा चाचणीच्या घोड्यांकडेही तो वळेना. चाचणी पुरी होईना, म्हणून शेवटी त्याला खच्ची करावं लागलं. इतक्या मोठ्या घोड्यासाठीही नियम वाकवला नाही, याचा मला आदर वाटतो.

निदानाची भीती बाळगण्याचं कारण नाही. सीईएम बरा होतो. पशुवैद्याच्या देखरेखीखाली काही दिवस क्लोरहेक्सिडिनने धुऊन, औषधी मलम लावून घोडा मोकळा होतो आणि फेरतपासणीनंतर कामाला लागतो.

"आम्ही रोज जंतुनाशकाने धुतो"

हे थांबवा. शिश्नाच्या कातडीवर निरुपद्रवी जिवाणूंची वस्ती असते आणि तीच घातक जिवाणूंना जागा मिळू देत नाही. साबण आणि जंतुनाशकाच्या रोजच्या माऱ्याने ती नाहीशी होते आणि स्यूडोमोनास, क्लेबसिएला यांसारखे चिवट जिवाणू तिथे ठाण मांडतात. घोडीच्या गर्भाशयाला त्यांचाही संसर्ग होतो. एरवी स्वच्छ कोमट पाणी पुरे.

"ग्लँडर्सचा दाखला आहे की!"

ग्लँडर्सची तपासणी महत्त्वाचीच आहे. हा रोग माणसालाही होतो, २००६मध्ये तो महाराष्ट्रातही सापडला होता. पण त्या दाखल्यातून ग्लँडर्सखेरीज कशाचीच माहिती मिळत नाही.

रक्ताचे अहवाल वाचायलाही जाणकार लागतो. घोडीवर चढण्यातून पसरणारा डूरिन आणि माश्यांमधून पसरणारा, आपल्याकडे सर्रास आढळणारा सर्रा, यांचे परजीवी इतके जवळचे आहेत की एकाची चाचणी दुसऱ्यामुळेही होकारार्थी येते. आर्टरायटिस या विषाणूजन्य रोगात याहून वेगळी गुंतागुंत आहे. ताप उतरतो, घोडा बरा होतो, पण बऱ्याच अंडील घोड्यांच्या प्रजनन ग्रंथींत विषाणू राहून जातो आणि वर्षानुवर्षं वीर्यातून बाहेर पडतो. त्याला टिकायला टेस्टोस्टेरॉन लागतं, त्यामुळे घोड्या आणि खच्ची घोडे त्याचे कायमचे वाहक होत नाहीत. रक्तात प्रतिपिंडं सापडली तर एवढंच कळतं की विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती. घोडा आज विषाणू सोडतो का, हे वीर्य तपासूनच ठरतं. लस दिलेल्या घोड्याचं रक्तही होकारार्थी येतं. म्हणून लसीआधीचा नकारात्मक अहवाल जपून ठेवावा लागतो. तो हरवला तर निरोगी घोडाही आयुष्यभर संशयित राहतो.

"कृत्रिम रेतन केलं की धोका संपला"

थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालतच नाही, तिथे घोडा प्रत्यक्षच लावावा लागतो. मारवाडीसारख्या जातींत ते करता येतं, आणि घोड्या-घोडीची थेट गाठ पडत नसल्याने धोका कमी होतो हेही खरं. पण आर्टरायटिसचा विषाणू गोठवलेल्या वीर्यातही जिवंत राहतो. शिवाय २००८च्या डिसेंबरात केंटकीत एका घोड्याचं वीर्य परदेशी पाठवण्याआधीच्या नेहमीच्या तपासणीत सीईएम सापडला. मागोवा घेत गेल्यावर वेगवेगळ्या राज्यांत वीसहून अधिक अंडील घोडे बाधित निघाले. त्यांतल्या बहुतेकांना संसर्ग झाला होता तो वीर्य गोळा करण्याच्या केंद्रांवर, सामायिक डमी, साधनं आणि हाताळणाऱ्यांचे हात यांच्यामार्फत. एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर, मधे घोडी नसताना.

घोडी भरवायला नेताना मालकाने पुढचे कागद मागावेत: या हंगामातल्या जिवाणू तपासणीचे दोन अहवाल, वीर्याचा तारखेसह अहवाल, आर्टरायटिसचा रक्त अहवाल, आणि मागच्या हंगामात किती घोड्या लागल्या, किती गाभण राहिल्या त्याची नोंद. ही नोंद दाखवायला टाळाटाळ झाली तर घोडी परत आणावी. घोडामालकाने तपासणी डिसेंबरातच उरकावी. थंडीत दिवस लहान असल्याने शुक्राणूंची संख्या थोडी कमीच भरते, हे पशुवैद्याला माहीत असतं आणि तो ते धरूनच अहवाल वाचतो. वीर्य खराब निघालं तर फेरतपासणी साठ दिवसांनी करता येते, तोवर नवे शुक्राणू तयार झालेले असतात. डिसेंबरात कळलं तर फेब्रुवारीत निर्णय घेता येतो. मार्चमध्ये कळलं तर त्याला लावलेल्या घोड्यांचा हंगाम तोवर बुडालेला असतो.