वाटाण्याच्या वेलीने मिळविलेले भांडवल

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील जेकार्ड मागांवर टॉवेलची नक्षी पूर्वी पुठ्ठ्यांच्या एकेका छिद्रातून उतरे. आता ती संगणकावर आखली जाते. चलच्चित्राची वाटचालही अशीच, एकेका चित्राची. १८३२ मध्ये बेल्जियमच्या जोसेफ प्लॅटो यांनी फिरत्या चकतीवरील स्थिर चित्रे हलती करून दाखविली. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके यांना चित्रपटासाठी भांडवल हवे होते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून महिनाभराहून अधिक काळ त्याची छायाचित्रे क्रमाने टिपली. पडद्यावर काही क्षणांतच रोपाची वेल झाली! ती पाहून कर्ज देणारे पुढे आले आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. आज मधली चित्रे संगणक भरतो; साधने पालटली. परंतु पत मात्र रोजच्या चिकाटीनेच वाढते, हे व्यापारी कुटुंबांस वेगळे सांगणे नलगे.