खुडलेलं पान काय करतं?

पोरांनो, आज तंबाखूच्या पानाची गोष्ट सांगतो. आधीच बजावतो, हे पान तोंडात घालायचं नाही आणि त्याचा धूरही छातीत ओढायचा नाही. का, ते पुढे कळेलच. पण हे पान वाळताना त्याच्या आत जे घडतं, ते एकदा समजलं की अंगणातल्या तुळशीपासून डब्यातल्या मसाल्यापर्यंत प्रत्येक वाळलेल्या पानाकडे तुम्ही निराळ्या नजरेने बघाल.

गोष्ट सुरू होते जमिनीखाली. निकोटिन हे या झाडाचं विष. ते साठतं पानांत, पण तयार होतं मुळांत! मुळं ते बनवतात आणि पाण्याबरोबर वर पाठवतात. हे कसं ओळखलं? १९४० च्या सुमारास शास्त्रज्ञांनी कलमं बांधली. टोमॅटो आणि तंबाखू एकाच कुळातले, त्यामुळे एकाचं कलम दुसऱ्यावर धरतं. टोमॅटोच्या मुळांवर तंबाखूचा शेंडा वाढवला, तर त्या पानांत निकोटिन जवळजवळ नव्हतंच. उलट तंबाखूच्या मुळांवर वाढलेल्या टोमॅटोच्या पानांत मात्र निकोटिन सापडलं.

हे विष कशासाठी, तर अळ्यांसाठी. अळीने पान कुरतडलं की पानातून मुळांकडे एका संप्रेरकाचा सांगावा जातो आणि मुळं आणखी निकोटिन बनवू लागतात. फुलं यायच्या सुमारास शेतकरी तंबाखूचा शेंडा खुडतात, तेव्हाही झाड ती जखमच मानतं आणि पानांतलं निकोटिन वाढतं. ओल्या पानांत दिवसभर काम करणाऱ्या मजुरांना कधी मळमळतं, चक्कर येते, उलट्या होतात. दवाने भिजलेल्या पानांतलं निकोटिन कातडीतून थेट अंगात शिरतं, म्हणून असं होतं. झाडाने अळीसाठी रचलेला बंदोबस्त माणसालाही सोडत नाही.

आता पान खुडलं. खुडलं म्हणजे मेलं, असं तुम्हाला वाटेल. पण ते पुढे कित्येक तास, कधी कित्येक दिवस जिवंत असतं. वेढा पडून रसद तुटलेल्या गडावरची शिबंदी जशी कोठारातल्या धान्यावर दिवस काढते, तसं ते पान स्वतःच्या साठ्यावर जगतं. मुळांकडून पाणी येणं बंद झालेलं असतं, पण पेशी श्वास घेत असतात. साठवलेल्या स्टार्चची साखर होते. प्रथिनं सुटी होऊन त्यांची अमिनो आम्लं होतात. हरितद्रव्य मोडलं जातं आणि त्याच्या आड लपलेली पिवळी रंगद्रव्यं दिसू लागतात. हे सगळं काम विकरं, म्हणजे एन्झाइम, करतात, आणि विकरांना कामाला पाणी लागतं. पाणी संपलं की काम थांबलं.

इथेच या गोष्टीचं मर्म आहे. वाळवणं म्हणजे नुसतं पाणी काढून टाकणं नव्हे. पानाच्या आत चाललेलं काम कोणत्या क्षणी थांबवायचं, ते ठरवणं म्हणजे वाळवणं.

घाई केली, तर पान हिरवंच वाळतं आणि स्टार्च तसाच राहतो. उशीर केला, तर पेशींचे पडदे फाटतात, एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत राहणारी फिनॉल नावाची द्रव्यं आणि त्यांच्यावर काम करणारं विकर एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन त्यांना मिळतो आणि पान काळवंडतं. आजी वांगी चिरून लगेच पाण्यात का टाकते? चिरलेल्या फोडीवर हेच रसायन घडू नये म्हणून.

आंध्र प्रदेशात आणि कर्नाटकात सिगारेटीसाठीचा व्हर्जिनिया तंबाखू पिकतो. तो बंद कोठीत, धूर आत न सोडता, नळ्यांमधून उष्णता देऊन वाळवतात. सुरुवातीला ३५ ते ४० अंश सेल्सिअस आणि भरपूर दमट हवा, म्हणजे पान जिवंत राहून सावकाश पिवळं पडतं. पिवळं झालं की उष्णता पन्नाशीच्या पुढे नेतात, हवा खेळती ठेवतात आणि पानाचं पातं वाळतं. शेवटी सत्तरच्या आसपास, कारण मधली जाड शीर पाणी सहजी सोडत नाही. पाच ते सात दिवसांत साखर आणि सोनेरी रंग दोन्ही पानात अडकून राहतात.

ही युक्ती कशी सापडली, त्याचीही एक गोष्ट सांगतात. १८३९ साल. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या कॅसवेल परगण्यात स्टीफन नावाचा एक तरुण होता. तो गुलाम होता, लोहारकाम करायचा आणि रात्री तंबाखूच्या कोठीतला विस्तव सांभाळायचा. एका रात्री त्याला झोप लागली आणि विस्तव विझत आला. जाग येताच त्याने आपल्या लोहारभट्टीजवळचा कोळसा आणून त्यावर घातला. एकदम उष्णता वाढली आणि पानं झळझळीत पिवळी निघाली. तो पिवळा तंबाखू पुढे जगभर गेला. त्यावर मालकांनी पैसा केला, स्टीफनचं नाव मात्र मागे पडलं. म्हणून मी ते नाव तुम्हाला मुद्दाम सांगतो. विज्ञानात अशा हातांची आठवण ठेवायलाच हवी.

सगळीकडे कोठ्या नसतात. काही जाती सावलीतल्या वाऱ्यावर टांगून कित्येक आठवडे वाळवतात. तेवढ्या दिवसांत पान आपली साखर श्वासात खर्चून टाकतं, म्हणून त्यात साखर फार कमी उरते. आपल्या निपाणीकडे बिडीचा तंबाखू उघड्या शिवारात, उन्हात वाळवतात. झाड तेच, पण वाळवायची रीत बदलली की आतलं रसायनही बदलतं.

आता मघाशी राहिलेलं उत्तर, हे पान तोंडात का घालायचं नाही त्याचं. वाळवताना फक्त जपणूक होत नाही, काही नवंही जन्मतं. हिरव्या, ताज्या पानात नायट्रोसामाइन नावाची विषं जवळजवळ नसतात. पान दमट राहून रेंगाळत वाळलं किंवा ओलसर साठवलं, की त्यावरचे जिवाणू पानातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात. ते निकोटिनशी आणि त्याच्या भावंडांशी जोडलं जातं आणि ही विषं तयार होतात. कोठीत जळत्या इंधनाचा वायू थेट पानांवर सोडला, तरी हेच घडतं. त्यांतली दोन विषं माणसात कर्करोग घडवतात, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दिला आहे. गायछापाची चिमूट असो की सिगारेट, ती विषं त्यात असतात. मुलांनो, म्हणून तुम्ही या पानाला शिवू नका, आणि घरातलं कुणी खात असेल तर ते सोडण्यासाठी त्याच्याकडे न घाबरता हट्ट धरा.

पण याच पानात चांगलंही दडलंय. सोलानेसोल नावाचं मेणासारखं द्रव्य १९५६ साली वाळलेल्या तंबाखूतूनच वेगळं काढलं गेलं. त्यापासून को-एन्झाइम क्यू-१० बनवता येतं. आपल्या पेशी ऊर्जा तयार करतात त्या कामात ते लागतं. राजमहेंद्रवरमच्या तेव्हाच्या केंद्रीय तंबाखू संशोधन संस्थेत या सोलानेसोलवर काम झालं. आणि तंबाखूचा एक ऑस्ट्रेलियन भाऊबंद आहे, निकोशियाना बेंथामियाना. त्याच्या पानांत शास्त्रज्ञांनी इबोलाविरुद्धची प्रतिपिंडं वाढवली. त्यांचं झेडमॅप हे औषध २०१४ च्या साथीत काही रुग्णांना दिलंही गेलं.

प्रतिपिंड हे एक प्रथिन, आणि प्रथिन म्हणजे फार नाजूक चीज. कोठीतल्या सत्तर अंशांत त्याची घडी मोडते. मग असं पान न बिघडवता वाळवायचं कसं? प्रयोगशाळेत ते उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवतात. विकरं जागच्या जागी थिजतात. मग ते गोठलेलं पान निर्वात पात्रात ठेवतात. तिथे बर्फ वितळत नाही, थेट वाफ होऊन निघून जातो. पाणी गेलं, पण पानातल्या कामाला पुढे सरकायला एक क्षणही मिळाला नाही! म्हणजे बघा, साखर हवी असेल तर पानाला थोडं जगू द्यायचं, आणि नाजूक प्रथिन हवं असेल तर तत्क्षणी थांबवायचं. काय टिकवायचं हे आधी ठरवावं लागतं. सगळंच टिकवणारी रीत अजून कुणाला सापडलेली नाही.

तेव्हा उद्या एक काम करा. कढीपत्त्याच्या तीन काड्या घ्या. एक कडक उन्हात ठेवा, दुसरी सावलीत वाऱ्यावर. तिसरी आईला सांगून उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून घ्या आणि मग सावलीतच वाळवा, कारण उकळत्या पाण्याने विकरं निकामी होतात. वाळल्यावर रंग बघा, चुरून वास घ्या, वहीत लिहा. कोणत्या काडीत काय टिकलं आणि काय गेलं, ते तुम्ही मला सांगायचं. आणि का, तेही.