मुतरी मुंगी

या रे पोरांनो, सरकून बसा. आज एक चावट शब्द सांगणार आहे.

इंग्रजीत मुंगीला काय म्हणतात? अँट. ते तर शेंबडं पोरही सांगेल. पण सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या शेतकऱ्याला विचारलं असतंत, तर तो ‘पिसमायर’ म्हणाला असता. मायर म्हणजे मुंगी आणि पिस म्हणजे… हसा, हसा! मुतरी मुंगी! शेक्सपिअरनेही हा शब्द वापरलाय. त्याच्या ‘हेन्री चौथा’ नाटकातला तापट हॉटस्पर संतापला, की आपल्याला पिसमायर डसल्या म्हणतो.

आता बिचारीला असं नाव का पडलं? तिकडच्या पाइनच्या रानात तांबूस-काळ्या मुंग्या असतात. झाडाच्या सुया गोळा करून त्या ढीग रचतात, कधीकधी पार तुमच्या कमरेएवढा. त्या वारुळाला नुसता हात लावा, की नाकात झणझणीत वास शिरतो. लोकांना वाटलं, मुंग्या मुतल्या. अगदीच चूक नव्हतं हो ते! या मुंगीला नांगी नाही. ती आधी कडकडून चावते, मग पोट पुढे वळवून शेपटाकडून जखमेवर पिचकारी मारते. फक्त ते मूत नव्हे, विषाच्या ग्रंथीतलं आम्ल.

गावातल्या लोकांना आणखी एक गंमत ठाऊक होती. चिकोरीचं निळं फूल वारुळावर टाकलं की लाल होतं. शाळेत तुम्ही निळा लिटमस लाल करता ना, तेच हे, फक्त प्रयोगशाळेशिवाय. जॉन रे नावाचा इंग्रज निसर्गअभ्यासक अशा गोष्टींच्या मागे लागणारा. मुंग्या उकळून त्यांचा अर्क काढला, तर व्हिनेगरसारखं आंबट पाणी मिळतं, असं त्याने 1671 च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. पुढे 1749 मध्ये मार्गग्राफ या जर्मन रसायनज्ञाने ते शुद्ध केलं. लॅटिनमध्ये मुंगी म्हणजे फॉर्मिका, म्हणून ते झालं फॉर्मिक आम्ल. शास्त्रज्ञांनी तेच नाव ठेवलं, फक्त जरा सोवळं करून!

आपल्याकडे आंब्यावर पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्या आहेत ना, त्यांच्याकडेही हेच आम्ल. गडचिरोलीत त्यांची चटणी करतात. तिचा आंबटपणा कुठून आला, ते आता तुम्हीच सांगा.

आणि ही पिचकारी फक्त भांडणासाठी नसते बरं. आल्प्समधल्या मुंग्या झाडाची राळ वारुळात आणून ठेवतात आणि तिला हे आम्ल लावतात. त्याने बुरशी नुसत्या राळेपेक्षा जास्त मरते. औषध बनवतात म्हणा ना!

पक्षी तर त्याहून हुशार. ‘जे’ नावाचा पक्षी पंख पसरून खुशाल वारुळावर बसतो आणि मुंग्यांकडून अंगभर फवारा मारून घेतो. काही जण म्हणतात, पिसांतल्या उवा मारायला. अमेरिकेतल्या निळ्या जे पक्ष्यांवर प्रयोग करणाऱ्यांना मात्र वेगळंच दिसलं. पक्षी मुंगी चोचीत धरतो, पिसांवर घासतो, तिची आम्लाची पिशवी रिकामी करतो आणि मग तिला गट्ट करतो. आधी मुतवायचं, मग खायचं!