बुडालेल्या जहाजांचे वाचन

पाण्यात बुडी मारून तळ गाठणाऱ्या माणसाला मराठीत ‘पाणबुड्या’ हा जुना शब्द आहे. ‘स्कूबा’ हा शब्द अलीकडचा. पाच इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे एकत्र करून तो बनविला आहे आणि पाण्याखाली श्वसन करण्याचे स्वयंपूर्ण उपकरण असा त्याचा अर्थ होतो. जुन्या शब्दात बुडीवर भर आहे, नव्यात श्वासावर. हा भेद केवळ शब्दार्थाचा नाही. श्वास रोखून उतरणारा मनुष्य तळाची एखादी वस्तू वर आणू शकतो; तेथे थांबून तिच्या भोवतालचे निरीक्षण करणे त्याला शक्य नसते. बुडालेल्या जहाजांचा शास्त्रीय अभ्यास या थांबण्यातून निर्माण झाला. त्याचे स्वरूप काय, आणि मुंबईच्या अभ्यासकाला त्याचे प्रयोजन काय, हे येथे थोडक्यात पाहावयाचे आहे.

१९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो व गान्याँ या दोघांनी या उपकरणाचे आधुनिक रूप सिद्ध केले. पाठीवरील नळकांड्यात दाबून भरलेली हवा त्यातील झडपेमुळे, भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने, श्वास घेताच मिळते. दर दहा मीटर खोलीस सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. या दाबाखाली नत्रवायू शरीरात अधिक विरघळतो. मनुष्य घाईने वर आला तर त्याचे बुडबुडे होऊन जिवावर बेतते. म्हणून तळाशी मिळणारा वेळ मोजका असतो आणि काय मोजावयाचे, कशाचे चित्र काढावयाचे, हे उतरण्यापूर्वीच ठरवावे लागते.

१९६० पर्यंत सामान्य प्रथा अशी की, पाणबुड्यांनी वस्तू वर आणाव्यात आणि पंडितांनी नावेत बसून त्या पाहाव्यात. त्या वर्षी तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर केप गेलिडोन्या येथे जॉर्ज बास हे पुरातत्त्वज्ञ स्वतः पाण्यात उतरले. कांस्ययुगातील एका जहाजाचे उत्खनन त्यांनी जमिनीवरील उत्खननाच्याच शिस्तीने केले. प्रत्येक वस्तू हलविण्यापूर्वी तिचे स्थान नोंदविणे हा त्या शिस्तीचा गाभा होय.

स्थानाला एवढे महत्त्व का, हे भाषेच्या अभ्यासकास समजावयास कठीण नाही. वाक्यातून एकेक पद सुटे करून कोशात मांडले तर पदे शिल्लक राहतात, अन्वय नष्ट होतो. गोव्याजवळील सुंची खडकावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांना हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, मार्तबान पद्धतीची मातीची भांडी आणि लोखंडी तोफा सापडल्या. यांपैकी प्रत्येक वस्तू सुटी असती तर एखाद्या संग्रहालयाच्या कपाटात गेली असती. त्या एका जागी, एकमेकींच्या संगतीत आढळल्या, म्हणूनच सतराव्या शतकातील पोर्तुगीज व्यापाराचे, आफ्रिकेपासून ब्रह्मदेशापर्यंत पसरलेले जाळे त्यांतून वाचता आले.

लेख कोरलेला असला तरी सावधगिरी सुटत नाही. गोव्याजवळच सेंट जॉर्ज खडकापाशी कौलांचा मोठा साठा मिळाला. त्यांवर ‘बाझल मिशन टाइल वर्क्स १८६५’ असा छाप आहे. गिरगावातील वाड्यांच्या छपरांवरून आपल्याला परिचित असलेल्या मंगळुरी कौलांचेच हे कूळ. मंगळूरचा तो कारखाना १८६५ साली निघाला. अर्थात् जहाज त्या वर्षी बुडाले असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यापूर्वी बुडाले नाही, एवढेच छापावरून सिद्ध होते.

गोव्याकडून मुंबईकडे वळताच अडचण वाढते. भरतीओहोटीच्या जोराने येथील बंदराचे पाणी गाळाने गढूळ असते आणि पाणबुड्याला पुष्कळदा स्पर्शावरच काम भागवावे लागते. अशा ठिकाणी तळाच्या पुराव्याइतकेच माणसांच्या साक्षीस मोल येते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. गटारी अमावास्येनिमित्त गावी निघालेल्या गिरगाव-परळकडील चाकरमान्यांचा त्यांत मोठा भरणा होता. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून अनेकांना वाचविले.

आता कायद्याकडे पाहावे. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्यात वस्तूचे अस्तित्व सामान्यतः शंभर वर्षांचे असावे लागते. ‘रामदास’ १९३६ साली बांधली गेली. ही अट २०३६ मध्ये पुरी होईल. युनेस्कोच्या २००१ च्या करारात शंभर वर्षे मोजावयाची ती पाण्याखाली गेल्यापासून. त्या हिशेबाने २०४७ उजाडेल. लोखंड तोवर गंजत राहील. परंतु त्याहून लवकर साक्षीदार संपतील. १९४७ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीच्या घरात आहे.

म्हणून या विषयात भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास करण्याजोगे काम आहे, आणि त्यासाठी त्याने पाण्यात उतरावे असेही नाही. इंग्रजी कागदपत्रांत ज्याला ‘गल आयलंड’ म्हटले आहे, तोच काशाचा खडक होय. हे ठाऊक नसलेला संशोधक एका घटनेच्या दोन जागा मानील. जाळी कोठे अडकतात, कोणत्या खडकाला कोळी काय म्हणतात, प्रवाहाच्या कोणत्या अवस्थेस कोणता शब्द वापरतात, यांची नोंद स्थळनिर्देशासह झाली पाहिजे. समुद्रतळाच्या शोधात मच्छीमारांची माहिती सर्वत्र उपयोगी पडली आहे. वाचलेल्यांच्या व मृतांच्या कुटुंबीयांच्या कथनांची नोंदही त्यांच्याच शब्दांत, सारांश न करता, करावी. कोणी कोठे उभे होते, बोट कोणत्या बाजूस कलली, लाट कोठून आली, हे तपशील सारांशात प्रथम गळतात. आणि पुढे तळाशी उतरणाऱ्यास नेमका त्यांचाच उपयोग असतो.