मनगटावरचे सोळा दिवे

न्यूयॉर्कची ‘एडाफ्रूट’ ही कंपनी लिमोर फ्राइड या इंजिनिअर बाईंनी 2005 साली काढली. याच कंपनीने 2013 मध्ये घरी बनवता येईल अशा एका घड्याळाची साद्यंत कृती सर्वांसाठी खुली केली. त्याला काटे नाहीत, पडदा नाही. रंगीत एलईडींचं एक कडं, ‘फ्लोरा’ नावाचा गोल बोर्ड, जीपीएस आणि होकायंत्राची चिप. वेळ तर ते दाखवतंच, पण खरी गंमत वाट दाखवण्यात आहे. मुक्कामाचे अक्षांश-रेखांश भरून ठेवायचे; मुक्काम ज्या बाजूला, त्या बाजूचा दिवा लागतो.

दिवे सोळा, म्हणजे एकेकाच्या वाट्याला साडेबावीस अंश. पायी चालणाऱ्याला तेवढं पुरतं.

दिवे लावणं सोपं, उत्तर दिशा शोधणं अवघड. तुम्ही कुठे आहात हे जीपीएस सांगतं. पण उभ्या माणसाचं तोंड कुठे आहे, ते त्याला कळत नाही. ते काम होकायंत्राचं, आणि ते भलतंच हळवं. शेजारची बॅटरी, एखादा स्क्रू, पट्ट्याचं पोलादी बक्कल, सगळं त्याला बाधतं. शिवाय पूर्ण पांढरा पेटलेला एकेक दिवा सुमारे 60 मिलिअँपिअर वीज ओढतो. सोळाही पेटले तर जवळपास 1 अँपिअर. वीज वाहिली की चुंबकक्षेत्र आलंच. म्हणजे दिशा दाखवणारा उजेडच दिशा बिघडवणार! म्हणून उजेड मंद ठेवायचा, तारांना पीळ द्यायचा, चिप लांब बसवायची.

विजेचा हा जाच मुंबईने फार पूर्वी ओळखला होता. विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेचे चुंबकीय वेध 1904 मध्ये अलिबागला हलवले गेले. होकायंत्राची दुसरी अडचण जागेनुसार बदलते. न्यूयॉर्कात त्याची उत्तर खऱ्या उत्तरेपासून बारा-तेरा अंश पश्चिमेला सरकते, म्हणजे अर्ध्या दिव्याहून जास्त चूक. मुंबई-पुण्यात हा फरक एक अंशही नाही. आपल्याकडे तो दुरुस्त करायला विसरलात तरी चालेल.

मात्र दिवा दाखवतो ती मुक्कामाकडची सरळ रेघ, रस्ता नव्हे. पुण्याच्या सदाशिव पेठेत तो खुशाल एखाद्या वाड्याच्या भिंतीकडे बोट दाखवेल. मला त्यात उणेपण वाटत नाही. गल्ली आपण निवडावी. माझा आक्षेप मनगटाला आहे. भर उन्हात दिवे फिके पडतात आणि हात कलला की हिशेब किचकट होतो. हेच दिवे टोपीच्या पुढच्या कडेखाली बसवले तर सावली मिळेल, जीपीएसला वर मोकळं आकाश मिळेल आणि बॅटरी खिशात, होकायंत्रापासून दूर राहील.