कीबोर्डचे बटण अडकले? आधी हे करून पाहा

वैशाखात जळगाव-धुळ्याकडे सकाळी पुसलेल्या खिडकीवर दुपारपर्यंत बोटाने नाव लिहावे इतकी धूळ बसते. तीच धूळ, पापडाची पिठी आणि मुलांच्या चिवड्याचा चुरा कॉम्प्युटरच्या कीबोर्डमध्ये शिरतो. मग दाबलेले बटण वर येत नाही, नाहीतर एका 'क'च्या जागी चार 'क' उमटतात.

घरी बसून संगणक टंकलेखनाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या बायका आता कितीतरी आहेत. मिनिटाला ३० मराठी शब्द साधायचे, तर एक अडलेले बटणही सगळा सराव मोडते. वर घरात कुणीतरी म्हणणारच, "तू हात लावलास नि बिघडले!" म्हणून मेकॅनिकला बोलावण्याआधी दोष कुठे आहे ते पाहा.

बटण हाताला मोकळे लागते, पण अक्षरे भलतीच येतात? मग बिघाड बहुधा बटणात नाहीच. विंडोजचे बटण धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. ती चुकून बदलली असेल. उजवे शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिले तर 'फिल्टर कीज' सुरू करायचे का, असे विचारले जाते. ते सुरू झाले की झटकन दाबलेली बटणे दाद देत नाहीत. सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन ते बंद करा.

बटणच अडकत असेल तर कॉम्प्युटर बंद करून कीबोर्डची वायर काढा. कीबोर्ड उलटा धरून पाठीवर हलके थोपटा. काय काय पडते ते बघून थक्क व्हाल! मग मऊ, कोरड्या ब्रशने फटी झाडा. चिकटपणा उरला तर औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला जेमतेम लावून बटणाच्या कडा पुसा. वरून ओतू मात्र नका.

शिवणयंत्राला देतो तसे तेल इथे चुकूनही घालू नका. तेलावर धूळ आणखी चिकटते. रॉकेलही नको.

चहा सांडला तर ताबडतोब बंद करा, उलटा करून पाणी निथळू द्या आणि निदान एक-दोन दिवस सावलीत वाळवा. आपल्याकडच्या उन्हात ठेवाल तर प्लॅस्टिक वाकडे व्हायचे! गोड चहा वाळला तरी साखर चिकटून राहते, तेव्हा नंतर कडा पुसाव्या लागतील. लॅपटॉपवर सांडले असेल तर चार्जर काढून तो बंद करा नि जाणकाराकडे न्या. पुन्हा सुरू करून पाहू नका. लॅपटॉपची बटणे नाजूक बिजागरीवर बसलेली असतात, ती उचकटू नका. साध्या कीबोर्डचीही स्पेसबार, एंटरसारखी लांब बटणे बऱ्याचदा आत तारेवर असतात. तीही काढू नका.

एवढे करूनही बटण हटून बसले, तर साधा वायरचा कीबोर्ड काही शे रुपयांत मिळतो. लॅपटॉपलाही तो जोडता येतो, म्हणजे दुरुस्ती होईपर्यंत सराव थांबत नाही. दोनचार ओळीच लिहायच्या असतील तर विंडोज, कंट्रोल आणि 'ओ' एकदम दाबा; पडद्यावरच कीबोर्ड उघडेल.

आणि काम संपले, कॉम्प्युटर बंद झाला, की कीबोर्डवर जुन्या सुती साडीचा तुकडा टाका. पुढच्या वैशाखात तो धूळ अडवील!