धूम्रपानबंदीची पाटी आणि भाडेकरू

हरित इमारत म्हटली की छपरावरचे सौरफलक, साठविलेले पावसाचे पाणी, खिडकीतून येणारा भरपूर उजेड ही चित्रे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. 'धूम्रपान मना आहे' ही साधी पाटी कोणास आठवत नाही. परंतु तिच्याकडे दुर्लक्ष करून प्रमाणपत्र मिळत नाही. ते का, हेच आम्ही आज थोडक्यात सांगणार आहोत.

अमेरिकेत 1993 साली हरित इमारत परिषद स्थापन झाली. तिची 'लीड' ही प्रमाणपद्धती आपल्या देशातही वापरली जाते. तीत पुष्कळ गोष्टींना गुण असतात. तंबाखूच्या धुराचा बंदोबस्त मात्र गुणांचा विषय नाही, ती पूर्वअट आहे. 2013 साली आलेल्या चौथ्या आवृत्तीचा दंडक असा: इमारतीत धूम्रपान नाही, बाहेर ते करावयाचे तर दारे, उघडणाऱ्या खिडक्या आणि हवा आत ओढणारी तोंडे यांपासून निदान 25 फूट दूर, आणि प्रत्येक प्रवेशद्वारापासून 10 फुटांच्या आत पाटी.

हे अंतर कशासाठी? दाराशी सोडलेला धूर हवेबरोबर आत शिरतो आणि यंत्रे तो खोल्याखोल्यांतून पोहोचवितात. दुसऱ्याच्या धुराचे निर्धोक असे प्रमाणच नाही, आणि नुसती हवा खेळती ठेवून तो धोका पुरता टळत नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्जन जनरलांनी 2006 साली दिला.

आता भाडेकरूची अडचण पाहा. एखादा मजला भाड्याने घेऊन सजविणाऱ्यालाही हे प्रमाणपत्र मिळू शकते. पण मजला त्याचा असला तरी मुख्य दार त्याचे नसते; आणि धूर काही भाडेकरार वाचून वर येत नाही! म्हणून सही करण्यापूर्वीच मालकाला तीन गोष्टी विचाराव्यात. हा नियम साऱ्या इमारतीला लागू आहे काय? मागच्या दारासह सर्व दारांवर पाट्या कोण लावणार? धूम्रपानाची जागा टेप धरून मोजली आहे काय? उत्तरे करारात लिहून घ्यावीत.

आपल्याकडे 2003 चा कायदा आणि 2 ऑक्टोबर 2008 पासूनचे नियम आहेतच. कामाच्या ठिकाणी प्रवेशद्वार, प्रत्येक मजला, जिना, लिफ्टचे दार येथे निदान 60 बाय 30 सेंटिमीटरची पाटी हवी; येथे धूम्रपान हा गुन्हा आहे असे तीवर लिहिलेले हवे; तक्रार कोणाकडे करावी त्याचे नावही हवे. कायदा पाळला म्हणून फुटांचा हिशेब सुटत नाही, आणि प्रमाणपत्र मिळाले म्हणून कायदा सुटत नाही.

दिवसभर दाराशी बसतो तो पहारेकरी. मोठ्या साहेबाला 'सिगारेट विझवा' म्हणण्याचे बळ त्याला कोठून यावे? ते बळ त्याला पाटी देते. प्रमाणपत्र दिवाणखान्यात लागते. त्याची खरी परीक्षा या दाराशीच होते, असे आम्हास वाटते.